केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' कसा ऐकावा: पडवीत बसून रॅपरची वाढ मोजण्याची एक रीत

२०२५ च्या गणपतीत, गौरीविसर्जन होऊन घर थोडे मोकळे झाल्यावर, नालासोपाऱ्याहून आलेला माझा पुतण्या पडवीच्या कठड्यावर बसून मोबाइलवर गाणी ऐकत होता. मध्येच कानातले काढून त्याने मला विचारले, "काका, ह्येका लोक एवढो मोठो कित्याक म्हणतत? नव्या अल्बमात तर ह्यो नुसतो भांडता." प्रश्न केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरविषयी होता आणि अल्बम होता २२ नोव्हेंबर २०२४ रोजी अचानक, आधी तारीख जाहीर न करता प्रसिद्ध झालेला 'जीएनएक्स'. मी खारेपाटणच्या बाजूला भजनात पखवाजाच्या साथीला बसणारा माणूस आहे आणि रॅपशी माझी ओळख उशिराची आहे. परंतु ठेक्यावर शब्द बसवणे, समोरच्या भजनी बुवाला शब्दांत पकडणे आणि हे सगळे करताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकू न देणे या गोष्टी मला परक्या नाहीत. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी, पुतण्या आणि वाडीतली चार-पाच मुले पुढच्या काही संध्याकाळी एकत्र बसलो आणि हा अल्बम पद्धतशीरपणे ऐकला. ती पद्धत येथे मांडत आहे. गायक प्रसिद्ध आहे, अल्बम नवा आहे आणि त्याची कला पुढे गेली की जागच्या जागी राहिली हे स्वतःच्या कानाने ठरवायचे आहे, अशा कोणालाही ती वापरता येईल.

बसण्यापूर्वी

गाणी आधी मोबाइलमध्ये उतरवून ठेवावीत. भाद्रपदातला पाऊस, गेलेली वीज आणि डोंगराआडचे नेटवर्क यांच्या भरवशावर ४४ मिनिटांचा अल्बम सलग ऐकता येत नाही, आणि सलग ऐकणे ही या पद्धतीतली पहिली अट आहे. दुसरी अट आवाजाची. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर रॅप ऐकू नये, कारण त्यातला खर्जाचा ठोका तेथे जवळजवळ नाहीसा होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक न लावता वाजवायला बसावे, तसा तो प्रकार होतो: बोल ऐकू येतात, पण त्यांच्याखालची जमीन नसते. कानात घालण्याचे साधे, वायरचे यंत्रही चालेल. भजनी मंडळाचा बरा स्पीकर मिळाला तर उत्तम.

स्पीकर लावणार असाल तर घरात कोण आहे ते आधी पाहावे. या अल्बममध्ये शिव्या आहेत आणि कृष्णवर्णीय अमेरिकन समाज आपापसांत वापरतो तो एक शब्द वारंवार आहे, ज्याचा इतिहास गुलामगिरीशी जोडलेला आहे. ऐकणाऱ्यांनी तो शब्द सोबत म्हणू नये. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका कार्यक्रमात लमारने गाणे म्हणायला मंचावर बोलावलेल्या एका गोऱ्या चाहतीने तो शब्द उच्चारला, तेव्हा त्याने तिला तेथेच थांबवले होते. आमच्या मुलांना हे मी आधीच सांगितले, आणि आजी आरतीला बसलेली असताना स्पीकर लावायचा नाही हेही सांगितले.

पूर्वपीठिका किती सांगावी, याबाबत माझी पहिल्या दिवशी चूक झाली. लमारचा जन्म, त्याचे गाव, त्याचे पुरस्कार, त्याची भांडणे असे सगळे मी अर्धा-पाऊण तास सांगत बसलो आणि गाणे लावायची वेळ आली तेव्हा दोन मुले घरी गेली होती आणि एक झोपला होता. पहिल्या बैठकीपूर्वी एवढेच पुरेसे आहे: हा माणूस १७ जून १९८७ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या शहरात जन्मला, 'जीएनएक्स' हे ब्युइक कंपनीच्या एका मोटारीचे नाव आहे आणि ती मोटार त्याच्याच जन्मवर्षी, १९८७ मध्ये, केवळ ५४७ इतक्या संख्येने बनवली गेली, आणि २०११ पासूनच्या त्याच्या मुख्य अल्बमांमध्ये हा सहावा आहे. बाकीचे गाणी ऐकता ऐकता येते.

पहिली बैठक

पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्ष देऊ नये. इंग्रजी चांगले येत असले तरीही देऊ नये. बारा गाणी दिलेल्या क्रमानेच लावावीत आणि हाताने ताल धरून फक्त एवढे पाहावे की आवाज कोठे बदलतो, ठेका कोठे मोडतो आणि शांतता कोठे येते. गाण्यांचा क्रम हा अल्बमकर्त्याचा निर्णय असतो. लमारच्या बाबतीत तर तो निर्णय किती जाणीवपूर्वक असतो याचा पुरावाच आहे: २०१७ चा त्याचा 'डॅम' हा अल्बम त्याने त्याच वर्षाच्या अखेरीस उलट्या क्रमाने पुन्हा प्रसिद्ध केला होता आणि त्या क्रमात त्यातल्या कथेचा शेवट वेगळा होतो. एसटीच्या प्रवासात हे ऐकणे जमेल असे पुतण्याचे म्हणणे होते. कणकवलीहून मालवणपर्यंत अल्बम आरामात संपतो हे खरे, परंतु एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट हा तेरावा कलाकार होतो.

शब्द सोडून ऐकल्यावर आमच्या मुलांनी जे टिपले ते चांगलेच होते. अल्बमची सुरुवात रॅपने होत नाही. एक स्त्री स्पॅनिशमध्ये, मोठ्या खुल्या गळ्याने गाते. ही मारियाची या मेक्सिकन परंपरेतली गायिका डेइरा बरेरा. तीच पुढे सहाव्या आणि शेवटच्या गाण्यात पुन्हा येते, म्हणजे अल्बमला आरंभ, मध्य आणि अंत अशा तीन खांबांवर तिने तोलले आहे. दुसरे गाणे नाचाचे आहे. तिसऱ्यात एकदम प्रेमगीताचा गोडवा येतो. सातव्या गाण्यात मध्यावर ठेका पूर्ण बदलतो, आणि तेथे मुले आपोआप सरसावून बसली, जशी गजराची लय चढल्यावर मांडवातली माणसे बसतात. एका मुलाने विचारले की एवढ्या मोठ्या माणसाच्या अल्बममध्ये इतके अनोळखी आवाज का आहेत. हा प्रश्न लिहून ठेवावा, असे मी त्याला सांगितले.

शब्द हातात घेऊन

दुसऱ्या बैठकीला शब्द समोर ठेवावेत. गाण्यांचे शब्द आणि त्यांवरच्या टिपा देणारी संकेतस्थळे आहेत. टिपा उपयोगी असतात, पण त्या चाहत्यांनी लिहिलेल्या असतात आणि चाहत्याला प्रत्येक ओळीत गुप्त अर्थ दिसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कडवे ऐकावे, मग वाचावे, मग आपल्या शब्दांत मराठीत सांगावे, आणि त्यानंतरच टीप उघडावी. बाराही गाण्यांवर एवढी मेहनत करण्याची गरज नाही. तीन गाणी पुरतात, आणि ती तीन कोणती हे ठरवण्यातच अर्धे काम होते. आम्ही 'रीइनकार्नेटेड', 'हार्ट पार्ट ६' आणि 'ग्लोरिया' ही निवडली.

'ग्लोरिया'पासून सुरुवात करावी, कारण कोकणातल्या श्रोत्याला ते सर्वात लवकर उमगते. गायक एका स्त्रीबरोबरच्या जुन्या, भांडखोर, सोडता न येणाऱ्या नात्याबद्दल बोलतो: ती त्याच्याबरोबर लहानपणापासून आहे, तिला त्याचा मत्सर वाटतो, तिने त्याला वाईट दिवसांत सांभाळले. सोबत एसझेडए ही गायिका आहे. ही स्त्री म्हणजे त्याची लेखणी आहे, हे शेवटी उलगडते. आपल्याकडे शक्ती-तुऱ्यात, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबात, शाहीर भेदिक कवन घालतो, समोरच्याला त्यातले कोडे सोडवावे लागते, आणि कोडे सुटल्यावर आधीची प्रत्येक ओळ पुन्हा तपासून पाहावी लागते, रीत तीच. कोडे कळल्यावर गाणे पुन्हा लावावे आणि एकही ओळ दोन्ही अर्थांपैकी एका अर्थात लंगडी पडते का ते पाहावे. आमच्या मते एक-दोन ठिकाणी ती पडते. पण अल्बमभर इतरांशी झगडलेला माणूस शेवटच्या गाण्यात स्वतःच्या हत्याराकडे वळतो, ही जागा त्याने नेमकी निवडली आहे.

मागे वळून मोजणे

वाढ मोजायची तर जुने माप हवे, आणि येथेच बहुतेक श्रोते घाई करतात. नव्या अल्बमची तुलना ते इतर गायकांच्या अल्बमशी करतात किंवा आपल्या आठवणीतल्या आवडत्या गाण्याशी करतात. त्याऐवजी त्याच कलावंताच्या प्रत्येक जुन्या अल्बममधले एक गाणे निवडून ती ओळीने ऐकावीत.

२०१२ च्या 'गुड किड, मॅड सिटी'मधले सुमारे बारा मिनिटांचे 'सिंग अबाउट मी, आय'म डाइंग ऑफ थर्स्ट' हे गाणे घ्यावे. त्यात तो आधी मारल्या गेलेल्या मित्राच्या भावाच्या आवाजात बोलतो आणि ते कडवे गोळीबाराच्या आवाजाने वाक्यातच तुटते. पुढे एका स्त्रीच्या आवाजात 'मी कधी विरणार नाही' असे म्हणत असताना तिचाच आवाज हळूहळू विरत जातो. आशय आणि तंत्र यांची अशी गाठ पंचविशीतल्या माणसाने मारली होती. २०१५ च्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये जॅझ आणि फंक आले, कमासी वॉशिंग्टन आणि थंडरकॅट यांच्यासारखे वादक आले, आणि अल्बमभर एक कविता थोडी थोडी वाढत जाऊन शेवटी पूर्ण होते. २०१७ चा 'डॅम' पुन्हा आटोपशीर होता. त्याला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, जे तोपर्यंत शास्त्रीय आणि जॅझ संगीताच्या बाहेर कधी गेले नव्हते. २०२२ च्या 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स'मध्ये दोन भागांत अठरा गाणी होती आणि त्यांचा विषय होता मानसोपचार, वडिलांचा धाक, स्वतःचा व्यभिचार आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जखमा. मी कोणाचा तारणहार नाही, असे त्याने तेथे स्पष्ट सांगितले.

आता मिनिटे पाहावीत. 'बटरफ्लाय' सुमारे ७९ मिनिटांचा, 'मिस्टर मोराल' सुमारे ७३ मिनिटांचा, आणि 'जीएनएक्स' ४४ मिनिटांचा. गाणी कमी झाली, रचना सोप्या झाल्या, वाढत जाणारी कविता नाही, आईवडिलांचे फोन-संदेश नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ नाही. पुतण्याला येथेच ऱ्हास दिसत होता. मला मात्र या गाळण्यातच त्याची वाढ दिसते, आणि हे माझे मत येथे उघड सांगतो, कारण पद्धत शिकवताना शिकवणाऱ्याचे वजन कोणत्या बाजूला आहे हे शिकणाऱ्याला कळले पाहिजे. तरुण पखवाजी समेवर येण्याआधी तिहाईवर तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तोच बोल, लावतो. त्याच्या हातात ते आहे हे त्याला दाखवायचे असते. वयाने मोठा झालेला वादक एका ठोक्यासाठी थांबतो, आणि तो ठोका चुकला तर त्याच्याकडे झाकायला काही उरत नाही. 'जीएनएक्स'मधले ठेके तसे आहेत: थोडी वाद्ये, मोकळी जागा, टाळीसारखा ठोका आणि त्यावर उघडा पडलेला आवाज. मस्टर्ड, साउनवेव्ह आणि जॅक अँटनॉफ या संगीतनिर्मात्यांनी बांधलेल्या या चौकटीत शब्द डळमळला तर लगेच ऐकू येतो.

हे मत तपासून पाहण्यासाठी एक बरे साधन उपलब्ध आहे. जाखडी या कोकणातल्या लोकनृत्यात शाहीर दर वर्षी नवा गण, म्हणजे गणपतीचे आरंभीचे स्तवन, बांधतो. जागा तीच, देवता तीच, म्हणून एकाच शाहिराचे दहा वर्षांतले गण ओळीने लावले की त्याची वाढ किंवा घसरण लपत नाही. लमारने स्वतःसाठी अशी एक जागा ठेवली आहे. 'द हार्ट' या नावाची गाणी तो २०१० पासून करत आला आहे: पहिली दोन २०१० मध्ये, तिसरे २०१२ मध्ये, चौथे २०१७ मध्ये, पाचवे २०२२ मध्ये. ही बहुतेक अल्बमच्या उंबरठ्यावर येतात आणि त्या काळात त्याच्या मनात काय चालले आहे ते सांगतात. पाचव्याच्या चित्रफितीत त्याचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने इतर प्रसिद्ध कृष्णवर्णीय पुरुषांच्या चेहऱ्यांत बदलत जातो, आणि तो त्यांच्या वतीने बोलतो. एका संध्याकाळी ही पाचही ऐकून मग 'जीएनएक्स'मधले सहावे ऐकावे.

सहाव्यात मोठे विधान नाही. तो आपल्या सुरुवातीच्या दिवसांची, टॉप डॉग एंटरटेनमेंट या संस्थेतल्या स्टुडिओची आणि सोबत्यांची गोष्ट सांगतो. जे रॉक, अॅब-सोल, स्कूलबॉय क्यू आणि तो स्वतः मिळून 'ब्लॅक हिप्पी' हा गट होता; त्या गटाचे एकत्र काम पुढे गेले नाही याचा दोष तो स्वतःकडे घेतो. ती संस्था सोडून स्वतःच्या 'पीजीलँग' या कंपनीमार्फत काढलेला त्याचा हा पहिला अल्बम आहे, हे लक्षात घेतले की गाण्यातला हिशेब कळतो. जुने मंडळ सोडून नवे उभे करणारा बुवा जुन्या मंडळाबद्दल मंचावर काय बोलतो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. मला तरी इतक्या शांतपणे बोललेले क्वचितच ऐकायला मिळाले.

'रीइनकार्नेटेड'ला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. २०१५ च्या 'बटरफ्लाय'च्या शेवटच्या गाण्यात लमार टुपाक शकूर या रॅपरशी बोलतो. टुपाकचा मृत्यू १९९६ मध्ये झालेला, म्हणून १९९४ च्या एका मुलाखतीतला त्याचा खरा आवाज घेऊन लमारचे प्रश्न त्याभोवती बसवलेले आहेत. शेवटच्या प्रश्नाला उत्तर येत नाही आणि अल्बम तेथेच संपतो. 'रीइनकार्नेटेड'मध्ये टुपाकच्याच एका गाण्याचा ठेका आहे आणि लमारची बोलण्याची ढबही त्याच्या जवळ जाते. तो आपले मागचे जन्म सांगतो: एक गिटार वाजवणारा, पैशाच्या मागे लागलेला, दुसरी एक गायिका, व्यसनाने संपलेली, तिसरा तो स्वतः. मग एक दीर्घ संवाद सुरू होतो, आणि समोर बोलणारा आधी वडील वाटतो, पुढे देव वाटतो. दोन्ही आवाज तोच काढतो. स्वर्गातून खाली पडलेल्या देवदूताची कथा, म्हणजे ल्युसिफरची कथा, येथे ठाऊक असणे आवश्यक आहे. ती नसेल तर शेवट हाती लागत नाही. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली तर फरक असा दिसतो की अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास तो उत्तर एका मृत गुरूकडून मागत होता, आणि सदतिसाव्या वर्षी तेच उत्तर त्याला स्वतःच्या तोंडून, स्वतःविरुद्ध, द्यावे लागते. अल्बमच्या वाढीबद्दल एकच पुरावा मागितला तर मी हा देईन.

चालींचा माग मात्र थोडक्यात घ्यावा. त्यात फार वेळ गेला तर श्रोता संशोधक होतो आणि गाणे राहून जाते. नमुना म्हणून अल्बममधले तिसरे गाणे, 'ल्यूथर', पुरेसे आहे. १९६७ मध्ये मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी एक युगुलगीत गायले. १९८२ मध्ये शेरिल लिन आणि ल्यूथर वॅन्ड्रॉस यांनी ते पुन्हा गायले. त्या दुसऱ्या गाण्याचा तुकडा लमार आणि एसझेडए यांनी २०२४ मध्ये घेतला आणि गाण्याला त्या गायकाचेच नाव दिले. आपल्या बुवांनी सिनेमाच्या चालीवर अभंग बसवला की वडीलधारे कुरकुरतात, आणि तेच वडीलधारे पुढच्या वर्षी ती चाल गुणगुणतात. उसनी चाल कोणी घेतली यापेक्षा ती घेऊन तो कोठे पोहोचला, एवढाच प्रश्न विचारावा.

बारीचा प्रश्न

पुतण्याचा मूळ आक्षेप भांडणाचा होता. २०२४ च्या मार्च ते मे या काळात लमार आणि कॅनडाचा रॅपर ड्रेक यांच्यात गाण्यांतून सामना झाला. ४ मे रोजी आलेले लमारचे 'नॉट लाइक अस' त्यातले सर्वात गाजलेले गाणे ठरले आणि २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. ही हकीकत सांगताच वाडीतला एक मुलगा म्हणाला, "काका, ह्या तर डबलबारीच आसा!" तुलना योग्य आहे, पण ती नीट वापरावी. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, अभंग आणि गौळण होऊन गजरात बुवा एकमेकांना टोचतात, लोक शिट्ट्या मारतात आणि कोण जिंकले यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद होतो. टोचणी कितीही धारदार असली तरी ताल आणि चाल सुटली की बुवा पडला, हा तेथला नियम आहे. रॅपच्या सामन्यातही शब्दाची धार आणि ठेक्यावरची पकड एकत्र मोजतात. फरक असा की २०२४ च्या गाण्यांत एकमेकांवर अतिशय गंभीर वैयक्तिक आरोप आहेत, आणि 'नॉट लाइक अस' वितरित करणाऱ्या कंपनीविरुद्ध ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये दावाही दाखल केला. गाण्यातला आरोप हा पुरावा नव्हे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गजरात बुवाने समोरच्याला चोर म्हटले म्हणून कोणी पोलीस पाटलाकडे जात नाही.

'जीएनएक्स' ऐकताना या सामन्यातले दोन मुद्दे लक्षात ठेवावेत. पहिला म्हणजे 'नॉट लाइक अस' हे गाणे अल्बममध्ये नाही. हातात असलेले सर्वात मोठे यश त्याने बाहेर ठेवले, म्हणजे अल्बम त्याच्या टेकूवर उभा राहत नाही. दुसरा मुद्दा अधिक मजेशीर आहे: सामन्याच्या भरात, ५ मे २०२४ रोजी, ड्रेकने आपल्या एका गाण्याला 'द हार्ट पार्ट ६' असे नाव दिले, म्हणजे लमारच्या मालिकेतला पुढचा क्रमांकच पळवला. लमारने अल्बममध्ये तो क्रमांक परत घेतला, आणि परत घेताना ड्रेकचे नावही न काढता आपल्या जुन्या मित्रांची गोष्ट सांगितली. समोरच्या बुवाने आपली चाल उचलली तर त्याच चालीवर त्याला शिवी न देता अभंग म्हणावा, तसे हे झाले. हे सांगितल्यावर पुतण्या थोडा वेळ काही बोलला नाही.

पहिल्या बैठकीत लिहून ठेवलेला प्रश्न, इतके अनोळखी आवाज का, तो आता काढावा. 'पीकाबू'मध्ये एझी चाइक, 'हे नाऊ'मध्ये डोडी सिक्स, 'टीव्ही ऑफ'मध्ये लेफ्टी गनप्ले आणि शीर्षकगीतात हिट्टा जे-थ्री, यंगथ्रेट आणि पेसो असे लॉस एंजेलिस परिसरातले, बाहेर फारसे माहीत नसलेले रॅपर आहेत. जगभर ऐकल्या जाणाऱ्या अल्बमचे शीर्षकगीत त्याने या तिघांच्या स्वाधीन केले. त्यांतले काही कच्चे आहेत. तरीही माझ्या मते हे गाणे अल्बमला आवश्यक होते, कारण गावाचा अभिमान गाणाऱ्याने गावाला माईक दिला नाही तर तो अभिमान पोकळ ठरतो. मुंबईतून गणपतीला येऊन मंडळाची सगळी गाणी स्वतःच म्हणणारे चाकरमानी आपण पाहिलेले आहेत, आणि मी त्यांतल्या एकाचा काका आहे.

उणिवा काढण्यासाठीही एक बैठक ठेवावी, नाहीतर ऐकणे म्हणजे आरती होते. आमच्या यादीत पुढील गोष्टी आल्या. 'मॅन ॲट द गार्डन'मध्ये 'हे सगळे मला मिळायलाच हवे' हा भाव इतक्या वेळा येतो की तिसऱ्या वेळेनंतर तो पटण्याऐवजी खटकतो. पहिल्याच गाण्यात सहकाऱ्यांनी आपले अभिनंदन केले नाही अशी तक्रार आहे. दोन वर्षांपूर्वी स्वतःला इतके सोलून दाखवणाऱ्या माणसाला ती शोभत नाही, असे मुलांपैकी दोघांचे मत पडले, तर एकाचे म्हणणे होते की सोलल्यावरच असे झोंबते. 'मिस्टर मोराल'मधली आत्मपरीक्षेची खोली येथे दोन-तीन गाण्यांपुरतीच उरते. 'हे नाऊ' आणि 'पीकाबू' नाचायला ठीक आहेत. त्यांच्याबद्दल मला अधिक सांगण्यासारखे सापडले नाही.

टिपण

शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकाने एक पान लिहावे. गुण देऊ नयेत. पानावर अल्बमचे नाव आणि ऐकल्याचा दिनांक घालावा, आणि मग तीन गोष्टी आपल्या मराठीत लिहाव्यात: या माणसाने पूर्वी केलेले काय येथे सोडले, पूर्वी न केलेले काय येथे केले, आणि कोणती जागा ऐकताना आपण मान खाली घातली किंवा तोंड फिरवले. उत्तरात गाण्याचे नाव आणि जागा नेमकी सांगावी. 'मस्त आहे', 'भारी आहे' असे शब्द खोडावेत. लिहिताना गाणे बंद ठेवावे, कारण जे आठवत नाही ते बहुधा कानात शिरलेलेच नसते. पान लिहून झाल्यावर, हवी असल्यास, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरातला त्याचा कार्यक्रम पाहावा. तेथे ती जीएनएक्स मोटार मंचावर प्रत्यक्ष उभी होती आणि तिच्यातून एकामागून एक नर्तक बाहेर येत होते. तो आधी पाहिला तर डोळे कानांवर मात करतात. म्हणून तो शेवटी.

पुतण्याने त्याचे पान नालासोपाऱ्याला नेले नाही. पडवीतल्या फळीवर, आरत्यांच्या पुस्तकात ते घडी घालून ठेवले आहे. त्यावर पेन्सिलीने त्याने एकच ओळ मालवणीत लिहिली आहे: "भांडता खरो, पण 'ग्लोरिया'त कोणाशी भांडता ता माका आधी कळूकच नाय." खाली पुढच्या अल्बमसाठी अर्धे पान कोरे ठेवले आहे.